४८ ला खरा, ४४.१ ला खोटा : एका यूएसबी ऑडिओ बोर्डाचे परीक्षण आणि परतीचा निर्णय

हे परीक्षण ज्या यूएसबी ऑडिओ बोर्डाचे, म्हणजे बाहेरचा आवाज संगणकात घेणाऱ्या आणि संगणकातला आवाज बाहेर वाजवणाऱ्या उपकरणाचे आहे, तो आता माझ्याकडे नाही. तो विक्रेत्याकडे परत गेला आणि पैसेही परत मिळाले. तरीही सविस्तर लिहावेसे वाटले, कारण त्यात निघालेला दोष वरवर तपासणाऱ्याला सापडण्यासारखा नव्हता. बोर्ड जोडला, आवाज आला, रेकॉर्डिंग झाले, म्हणजे वस्तू ठीक आहे असे कोणीही समजला असता आणि तेवढ्यात परतीची मुदत उलटून गेली असती. उत्पादकाचे आणि विक्रेत्याचे नाव मी देत नाही. अशा रचनेचे बोर्ड निरनिराळ्या नावांनी विकले जातात आणि तपासण्याची रीत सगळ्यांना सारखीच लागू पडते.

वस्तू अशी : तळहाताएवढा उघडा बोर्ड, खोके नाही, एका कडेला यूएसबी-सी सॉकेट, दुसऱ्या कडेला डाव्या-उजव्या वाहिनीसाठी दोन आरसीए (कॅसेट डेकच्या मागे असतात तशी गोल) इनपुट आणि दोन आउटपुट, शिवाय हेडफोनची खाच. किंमत साडेपाच हजार रुपयांच्या आसपास. विक्रीच्या पानावर २४ बिट आणि ४४.१, ४८, ८८.२, ९६, १७६.४ व १९२ किलोहर्ट्झ असे सहा सॅम्पल रेट (ध्वनीचे सेकंदाला किती हजार नमुने घेतले जातात ते आकडे) चालतात, असे स्पष्ट लिहिलेले होते. दोन-तीनशे रुपयांना मिळणारी यूएसबी साउंड कार्डे मला उपयोगाची नव्हती, कारण त्यांतल्या बहुतेकांचे इनपुट माइकपुरते आणि एकाच वाहिनीचे असते. कॅसेट डेकचा स्टिरिओ लाइन आउट त्यांना नीट जोडता येत नाही.

मला हवा होता तो आमच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेण्यासाठी. मंडळातल्या ज्येष्ठ मंडळींकडे गाडीत आणि घरात अजून सीडी प्लेअर आहेत आणि त्यांना सीडीच हवी आहे. ऑडिओ सीडीचा सॅम्पल रेट ठरलेला आहे, ४४.१ किलोहर्ट्झ, तो १९८० सालच्या मानकापासून बदललेला नाही. म्हणून रेकॉर्डिंगही थेट ४४.१ वर करावे, म्हणजे मध्ये रूपांतराची पायरी नको, एवढाच साधा विचार होता. व्हिडिओच्या कामात मात्र ४८ किलोहर्ट्झ चालते, आणि आजचे बहुतेक संगणक आपणहून ४८ वरच बेतलेले असतात. या दोन आकड्यांमधला फरक पुढे सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी निघाला.

आधी चांगले ते सांगतो. बोर्डाची बांधणी पाहताक्षणी समाधान वाटावे अशी होती. आरसीए सॉकेट पक्की बसवलेली, सोल्डर चकचकीत आणि नेटके, चारही कोपऱ्यांना स्क्रूसाठी भोके. इनपुट मोकळे ठेवून, म्हणजे काहीही न जोडता, रेकॉर्ड केले तेव्हा खरखर अतिशय कमी होती. कॅसेटच्या स्वतःच्या सरसरीपुढे ती ऐकूही येत नव्हती, आणि कॅसेटसाठी याहून अधिक काही मागण्यात अर्थ नाही. यूएसबी ऑडिओ क्लास २ या मानकाप्रमाणे बोर्ड चालत असल्याने लिनक्सवर आणि विंडोज १० च्या २०१७ नंतरच्या आवृत्त्यांवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. त्याप्रमाणे जोडताच संगणकाने त्याला ओळखले. हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि काहीच वाजत नसले, तर एक बारीक शिट्टी ऐकू येत होती. हाय स्पीड यूएसबीवर दर १२५ मायक्रोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ८००० वेळा, माहितीची देवाणघेवाण होते. त्या ठेक्यावर ५ व्होल्टचा पुरवठा किंचित हलतो आणि ८ किलोहर्ट्झची शिट्टी उमटते. स्वस्त बोर्डांत हे आढळते. नेहमीच्या आवाजात ती ऐकू येत नव्हती, म्हणून मी तिला दोष मानले नाही.

खरा दोष कळला तो सीडी गाडीत वाजवल्यावर. भजन संथ वाटले, आवाज जाड वाटला. मंडळातले आमचे पेटीवाले काका कानाचे पक्के आहेत. त्यांनी सीडीसोबत पेटीवर सूर धरून पाहिला आणि सांगितले की, बुवांचा षड्ज कुठल्याच पट्टीवर बसत नाही. मूळ कॅसेट डेकवर वाजवली की बुवा काळी दोनमध्ये गातात. सीडीवर तोच षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध लोंबकळत होता. थोडक्यात, सूर सुमारे दीड अर्धस्वरांनी उतरलेला होता आणि लयही त्याच प्रमाणात सैल झालेली होती. गाण्याच्या माणसाला हे सहन होणारे नाही, आणि कॅसेटवरून उतरवलेल्या भजनात तर ते मुळीच चालणार नाही. ज्या बुवांचा आवाज पुढच्या पिढीसाठी जपायचा, त्यांचा सूरच चुकीचा जपला जात होता.

अशा वेळी पहिला संशय कॅसेट डेकवर घेणे योग्यच असते. डेकमधला रबरी बेल्ट जुना होऊन सैल पडला की फीत ठरलेल्या गतीने, म्हणजे सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, सरकत नाही आणि सूर उतरतो. परंतु डेकच्या स्वतःच्या हेडफोनवर ऐकून पेटी लावली, तर सूर बरोबर काळी दोनवर बसला. म्हणजे डेकमधून बाहेर पडणारा सूर खरा होता आणि तो पुढे कुठेतरी बिघडत होता. सीडी लिहिणारा प्रोग्रॅम आणि गाडीतला प्लेअर यांनाही वगळता आले, कारण रेकॉर्ड केलेली फाइल मोबाइलवर टाकून ऐकली तरी सूर उतरलेलाच होता. केबल बदलली, सॉकेट बदलले, मधला यूएसबी हब काढला, दुसरा संगणक घेतला. फरक पडला नाही. केबलचा दोष असता तर मुळात लक्षण वेगळे दिसले असते. ऑडिओची माहिती यूएसबीवर ज्या पद्धतीने जाते, तीत चुकलेला तुकडा पुन्हा पाठवला जात नाही, त्यामुळे खराब केबलने कटकट असे आवाज येतात किंवा मध्ये मध्ये खंड पडतो. आमचे रेकॉर्डिंग मात्र अखंड आणि स्वच्छ होते. फक्त सूर आणि लय खाली.

यातले सर्वांत गोंधळात टाकणारे लक्षण असे होते की, तीच फाइल त्याच बोर्डाला हेडफोन लावून ऐकली की सूर अगदी बरोबर लागत असे. काळी दोन म्हणजे काळी दोन. याचा उलगडा झाला तेव्हा अर्धे काम झाले. बोर्डाचे रेकॉर्डिंगचे आणि वाजवण्याचे असे दोन्ही भाग एकाच घड्याळावर चालतात. ते घड्याळ जलद असेल तर रेकॉर्ड करताना सेकंदाला जास्त नमुने घेतले जातात आणि वाजवताना तेवढेच जास्त नमुने खर्च होतात. चूक दोन्ही बाजूंना सारखी होते आणि एकमेकींना खाऊन टाकते. म्हणून बोर्डाचे आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून केलेली चाचणी, जी अनेक जण करतात आणि समाधान मानतात, या बाबतीत काहीच सांगू शकत नाही. बाहेरचा साक्षीदार लागतो.

तो साक्षीदार म्हणून मी मोबाइल वापरला. सूर निर्माण करणाऱ्या एका फुकट ॲपमधून १००० हर्ट्झचा सूर लावून मोबाइलची हेडफोनची तार बोर्डाच्या इनपुटला जोडली आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्डिंग करून कंपनसंख्येचा आलेख काढला. मोबाइलच्या घड्याळाला ठेका देणारा स्फटिकही अगदी अचूक नसतो, पण त्याची चूक दहा लाखांत काही दशकांच्या घरात असते. १००० हर्ट्झवर तो फरक एका हर्ट्झच्या लहानशा अंशाएवढा. बोर्ड ४८ किलोहर्ट्झवर ठेवला तेव्हा आलेखाचे टोक १००० वर उभे राहिले. ४४.१ वर ठेवला तेव्हा ते ९१९ च्या जवळ आले. ८८.२ आणि १७६.४ वरही तेच, ९१९ च्या आसपास. ९६ आणि १९२ वर पुन्हा १०००. सहांपैकी तीन रेट पूर्ण खरे आणि तीन रेट एकाच प्रमाणात खोटे, हे पाहिल्यावर ही चूक अपघाती नाही, तिच्यामागे एकच कारण आहे, याविषयी शंका उरली नाही. ४४.१ ला ४८ ने भागून १००० ने गुणले की ९१८.७५ येतात. बोर्डाला ४४.१ सांगितले तरी तो ४८ वरच चालत होता, आणि संगणक मात्र फाइलवर ४४.१ अशी नोंद करत होता.

ज्यांना आलेख काढायचा नसेल, त्यांच्यासाठी याहून सोपी चाचणी आहे. रेकॉर्डिंग सुरू करतानाच मोबाइलचे स्टॉपवॉच सुरू करावे आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. माझ्या बोर्डावर ४४.१ ला, स्टॉपवॉचवर ६० सेकंद होत तेव्हा संगणकाच्या पडद्यावर ६५ उलटून गेलेले असत. दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग दहा मिनिटे त्रेपन्न सेकंदांचे होई, आणि साठ मिनिटांच्या कॅसेटची तीस मिनिटांची एक बाजू फाइलमध्ये साडेबत्तीस मिनिटांच्या पुढे जाई. यासाठी कोणतेही ज्ञान लागत नाही, फक्त शेजारी एक घड्याळ लागते.

लिनक्सवर आणखी एक पुरावा मिळतो, आणि तो बोर्डाने स्वतःच दिलेला असतो. असिंक्रोनस पद्धतीने चालणाऱ्या बोर्डात वेग संगणक ठरवत नाही, बोर्ड ठरवतो, आणि वाजवताना आपण किती वेगाने नमुने खर्च करत आहोत हे तो संगणकाला सतत कळवत राहतो. लिनक्सची ध्वनियंत्रणा हा आकडा प्रत्येक साउंड कार्डाच्या माहितीच्या फाइलमध्ये दाखवते. मी ४४.१ ची फाइल थेट बोर्डावर वाजवली तेव्हा तिथे ४४१०० ऐवजी ४८००० च्या आसपासचा आकडा दिसत होता. हा पडद्यावरचा मजकूर मी जपून ठेवला आणि पुढे तक्रारीत त्याचा मोठा उपयोग झाला.

विंडोजवर हा दोष सहसा का दिसत नाही, हेही सांगायला हवे, कारण विक्रेत्याशी झालेला सगळा वाद त्यावरच होता. विंडोजच्या ध्वनी-सेटिंगमध्ये प्रत्येक उपकरणाचा एक ठरावीक रेट निवडलेला असतो आणि तो बहुधा ४८ किलोहर्ट्झ असतो. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही ४४.१ निवडले, तरी नेहमीच्या पद्धतीत विंडोज बोर्डाकडून ४८ नेच माहिती घेते आणि मध्येच तिचे ४४.१ मध्ये रूपांतर करून प्रोग्रॅमला देते. अशा वेळी बोर्डाच्या ४४.१ च्या भागाला कोणी हातच लावत नाही आणि सगळे सुरळीत वाटते. दोष पाहायचा असेल तर सेटिंगमधला तो ठरावीक रेट ४४.१ करावा लागतो किंवा प्रोग्रॅमला बोर्ड थेट ताब्यात घेऊ द्यावा लागतो. लिनक्सच्या रोजच्या वापरातही मध्ये असाच रूपांतर करणारा थर असतो. मी तो बाजूला ठेवून रेकॉर्डिंग करत होतो, म्हणूनच दोष उघडा पडला.

कारण शोधायला भिंग पुरेसे होते. या प्रकारच्या चांगल्या बोर्डांवर दोन ऑसिलेटर, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठोके देणारी दोन घड्याळे, असतात. एक २४.५७६ मेगाहर्ट्झचा, ज्याला ५१२ ने भागले की बरोबर ४८००० मिळतात, दुसरा २२.५७९२ मेगाहर्ट्झचा, ज्याला ५१२ ने भागले की बरोबर ४४१०० मिळतात. ९६ आणि १९२ हे पहिल्याचे, तर ८८.२ आणि १७६.४ हे दुसऱ्याचे. एका ऑसिलेटरवरून दुसऱ्या कुळातला रेट नेमका काढणे अवघड असते, म्हणून दोन वेगळे लावायचे आणि जो लागेल तो चालू करायचा, ही नेहमीची रीत आहे. माझ्या बोर्डावर मधल्या मोठ्या चिपच्या शेजारी धातूच्या झाकणाच्या दोन इवल्या डब्या, म्हणजे हेच ऑसिलेटर, होत्या, प्रत्येकी साधारण पाच मिलिमीटर लांब. भिंगातून पाहिले तर पहिल्या डबीवर २४.५७६ कोरलेले होते आणि शेजारी बोर्डावर पांढऱ्या शाईत २४.५७६ छापलेले होते. दुसऱ्या जागेशेजारी पांढऱ्या शाईत २२.५७९२ छापलेले होते, पण तिथे बसवलेल्या डबीवर पुन्हा २४.५७६ होते. रचना बरोबर, छपाई बरोबर, सोल्डर उत्तम, आणि भाग चुकीचा. आरसीए सॉकेटवरून वस्तूचा दर्जा ठरवणाऱ्या माझ्यासारख्याला हे पाहून फार वाईट वाटले.

इथे ज्यांच्या फाइली अशाच बिघडल्या असतील त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम विस्ताराने सांगतो. या दोषात ध्वनी खराब झालेला नसतो. नमुने सगळे बरोबर घेतलेले असतात, केवळ ते सेकंदाला किती या नोंदीत चूक असते. त्यामुळे जुनी फीत पुन्हा चालवण्याची गरज नाही, आणि ज्या कॅसेटची फीत आतल्या बाजूने चिकटू लागली आहे तिच्या बाबतीत हा दिलासा लहान नाही. ऑडॅसिटीत फाइल उघडून त्या ट्रॅकच्या मेनूतून रेट ४८००० निवडला की सूर आणि लय दोन्ही मूळपदावर येतात. हे करताना रीसॅम्पल हा पर्याय मात्र निवडू नये. त्याने चुकीचा सूर तसाच राहून केवळ नमुन्यांची संख्या बदलते. ट्रॅकवरची नोंद आधी दुरुस्त करावी, सूर पेटीवर पडताळून पाहावा, आणि त्यानंतर सीडीसाठी ४४.१ मध्ये फाइल काढावी. आमच्या सगळ्या फाइली अशा रीतीने वाचल्या, एकही बाजू पुन्हा वाजवावी लागली नाही. बुवांचा षड्ज पुन्हा काळी दोनवर आला आणि काकांनी तो प्रत्येक फाइलगणिक तपासून दिला.

मग प्रश्न उभा राहिला की बोर्ड ठेवावा की परत करावा. ठेवण्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच होते. ४८ वर बोर्ड निर्दोष होता. ४८ वर रेकॉर्ड करून नंतर संगणकावर ४४.१ करणे हे काम आजचे प्रोग्रॅम इतके उत्तम करतात की कॅसेटच्या आवाजात फरक कळणे अशक्य आहे. दुरुस्तीही तत्त्वतः सोपी होती : चुकीची डबी गरम हवेने उतरवायची आणि त्याच मापाची, त्याच व्होल्टेजची, २२.५७९२ ची डबी बसवायची. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत असे बारीक काम करणारे कुशल कारागीर आहेत. त्यांच्यापैकी एकांना बोर्ड दाखवला. काम करण्याची त्यांची तयारी होती, परंतु नेमक्या त्या आकड्याचा ऑसिलेटर त्यांच्याकडे नव्हता, मागवावा लागला असता. आणि त्यांनी स्वतःहून सांगितले की, बोर्डाला एकदा सोल्डरगन लागली की परतीचा रस्ता बंद झाला असे समजा. त्यांचे बोलणे रास्त होते, आणि स्वतःचे गिऱ्हाईक सोडून त्यांनी ते सांगितले, याचे मला अगत्याने कौतुक वाटते.

निर्णय परतीकडे झुकला तो दोन कारणांनी. पहिले असे की, मी पैसे सहा रेटचे मोजले होते आणि त्यांतले तीन मिळाले नव्हते. वस्तू जाहिरातीप्रमाणे नसेल तर ती घेणाऱ्याने आपल्या गरजेला मुरड घालून चालवून घ्यावी, ही अपेक्षा मला मान्य नाही. उद्या हा बोर्ड मंडळातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती गेला, तर ४४.१ टाळायचे हे त्याला कोण सांगणार? दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. असे बोर्ड यंत्रावर जोडले जातात. त्या यंत्राला लहान भागांची रिळे लावलेली असतात आणि ते रिळातला भाग उचलून ठरलेल्या जागी ठेवत जाते. २२.५७९२ च्या जागी चुकीचे रीळ लागले असेल, तर दोष माझ्या एकट्या बोर्डात असण्याचा संभव कमी आणि अख्ख्या खेपेत असण्याचा संभव जास्त. कारखान्यातली अखेरची चाचणी फक्त ४८ वर होत असेल तर अशी खेप सुखरूप बाहेर पडते. म्हणून मी बदली बोर्ड मागितला नाही. बदली म्हणून त्याच खेपेतला दुसरा बोर्ड येण्याची शक्यता होती. मी पूर्ण पैसे परत मागितले.

विक्रेत्याच्या सेवेविषयी संमिश्र मत आहे. पहिले उत्तर लवकर आले, परंतु ते ठरीव होते : ड्रायव्हर पुन्हा टाका, दुसरी केबल लावा, दुसऱ्या संगणकावर पाहा. हे सर्व केल्याचे तक्रारीतच लिहिलेले होते. त्यानंतर त्यांनी आपल्याकडच्या संगणकावर तसाच बोर्ड चालवल्याचा व्हिडिओ पाठवला. त्यात विंडोजच्या सेटिंगमध्ये ४८ निवडलेले स्पष्ट दिसत होते, म्हणजे तपासण्याचा भाग तपासलाच नव्हता. मी तो मुद्दा लिहून पाठवला. पुढचा प्रस्ताव असा आला की, अर्धे पैसे परत घ्या आणि बोर्ड तुमच्याकडेच ठेवा. परदेशातून माल आणून विकणाऱ्यांकडून असा प्रस्ताव अनेकदा येतो, कारण परतीच्या कुरिअरपेक्षा त्यांना तो स्वस्त पडतो. मी तो नाकारला आणि सोबत एकच छायाचित्र जोडले : भिंगातून घेतलेले, दोन्ही डब्यांवर २४.५७६ आणि दुसऱ्या डबीशेजारी पांढऱ्या शाईतले २२.५७९२. त्या छायाचित्रानंतर वाद थांबला. त्यांनी कुरिअर पाठवून बोर्ड नेला आणि ज्या खात्यातून पैसे गेले होते त्याच खात्यात पूर्ण रक्कम जमा झाली, पाठवणीचा खर्च न कापता. हा त्यांचा चांगुलपणा मी नोंदवतो. पण तोवर लागलेली दमछाक टाळता आली असती, हेही नोंदवतो.

बोर्ड परत पाठवताना तो आला होता त्याच अँटिस्टॅटिक पिशवीत घातला, सोबतची केबल आणि माहितीपत्रक ठेवले, बांधण्याआधी दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढली आणि कुरिअरवाल्याकडून पावती घेतली. उघड्या बोर्डाच्या बाबतीत ही काळजी आवश्यकच आहे, कारण वाटेत एखादा भाग निखळला तर तो आपण काढला असा आरोप होऊ शकतो.

ज्यांना विक्रेता दाद देत नसेल, त्यांना कायद्याचा आधार आहे आणि तो तक्रारीत नाव घेऊन लिहावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत वस्तू परत घेणे बंधनकारक आहे. ऑनलाइन खरेदीसाठी २०२० सालचे ई-कॉमर्स नियम वेगळे आहेत. त्यांत वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला परत घेणे नाकारता येत नाही, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देऊन महिन्याच्या आत ती निकाली काढायची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मला तिथवर जावे लागले नाही, परंतु माझ्या शेवटच्या पत्रात या नियमांचा उल्लेख होता.

असा बोर्ड घ्यायचा विचार असेल तर घ्यावा. रचना चांगली आहे आणि योग्य भाग बसवलेला असेल तर या किमतीत कॅसेट उतरवण्यासाठी याहून अधिक काही लागत नाही. मात्र परतीची मुदत सुरू असतानाच, मोबाइलचा १००० हर्ट्झचा सूर आणि स्टॉपवॉच घेऊन, ४४.१ आणि ४८ या दोन्हींवर तो तपासावा, आणि विंडोजवर तपासताना सेटिंगमधला रेट दर वेळी बदलावा. शिवाय भिंगातून दोन डब्यांवरचे आकडे वाचावेत. ते वेगवेगळे असले पाहिजेत. बोर्ड परत पाठवताना मी विक्रेत्याला लिहिले होते की, त्याच खेपेतले उरलेले बोर्ड विकण्याआधी दुसरी डबी पाहून घ्यावी. त्याला उत्तर आलेले नाही, आणि हे लिहीत असताना विक्रीच्या पानावर तेच सहा रेट तसेच आहेत.